खरी कवटी

"थर्माकोलची नको. खरी पाहिजे. तू आणशील ना? तुमच्याकडं असतंच की ते काम."

मंदार हे बोलला आणि खोलीतले बाकीचे तिघं माझ्याकडं बघायला लागले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. ते मनापासून विचारत होते. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आमचा बँड वाजणार होता. स्टेजवर बैलाची कवटी ठेवायची होती. ती कुठनं आणायची म्हटल्यावर चौघांनाही मीच आठवलो. मी महाराचा. म्हणजे छप्पन्न सालापासनं आम्ही बौद्ध, पण त्यांच्या डोक्यात ते साल अजून उजाडलंच नव्हतं.

मी "आणतो" म्हणालो.

नव्वदनंतरची गोष्ट. मी सांगलीत डिप्लोमाला होतो, होस्टेलवर. गाव कराडच्या वरच्या अंगाला. मंदार पुण्याचा, बाप डॉक्टर, खोलीत डबल डेकचा टेप. पहिल्या वर्षी त्याच्या दारावरनं जाताना मी डेथ मेटल ऐकलं, म्हणजे मढ्या-मरणाची इंग्रजी गाणी. मळणीयंत्र सुरू व्हावं तसे ड्रम, आणि त्यात एक माणूस पोटातनं गुरगुरत होता. मी दारात थांबलो. आमच्या गावात आम्ही बोलायचं ते खाली बघून, हळू. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, चढलेला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. आणि इथं हा माणूस गुरगुरतोय आणि त्याला कुणी गप म्हणत नाही. लय बरं वाटलं. खरं सांगतो, रडू आलं मला.

त्या खोलीचा एक कायदा होता. माणूस एक तर खरा, नाही तर पोजर. पोजर म्हणजे काळा टी-शर्ट घालून मिरवणारा, आतनं पोकळ. नवीन कुणी आला की मंदार नाव न सांगता एक कॅसेट लावायचा. बँड ओळखला तर बस, नाही तर ऊठ. मूळ कॅसेट ज्याच्याकडं तो वर. तिच्यावरनं उतरवून घेतलेली ज्याच्याकडं तो खाली. उतरवलेलीवरनं उतरवलेली असली तर त्याच्याही खाली. माझ्या सगळ्या तिसऱ्या-चौथ्या हाताच्या, खरखर जास्त आणि गाणं कमी. म्हणजे उतरंड तिथंही होतीच. पण मला वाटलं, ही चढता येते. म्हणून मी चढायला लागलो.

मंदारच्या मूळ कॅसेटींमधले गाण्यांचे कागद मी वहीत उतरवून काढले. डिक्शनरी घेऊन बसलो. कुजणं, अळ्या, आतडी, सडलेलं मांस, सगळ्याचं इंग्रजी पाठ. बाकीच्यांना नुसती गुरगुर ऐकू यायची, मला शब्द ऐकू यायचे. मग कृष्णेच्या काठाला जाऊन तो आवाज काढायला शिकलो. महिनाभर घसा सोलवटून निघाला. एक दिवस मंदारसमोर काढून दाखवला. तो म्हणाला, "हा खरा आहे यार." बँडचा गायक मी झालो. त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली.

तर कवटी आणायला शनिवारी एसटीनं गावाला गेलो. ओढ्यापलीकडं मेलेली जनावरं टाकायची जागा आहे. एके काळी ती ओढून न्यायचं काम आमचं होतं. आता ज्याचं जनावर तो ट्रॅक्टरला बांधून नेतो. उन्हात वाळलेली एक कवटी सापडली, शिंगांसकट. परसात बसून ती सोड्यानं घासत होतो. तेवढ्यात आप्पा कारखान्यातली पाळी करून आले.

"काय करतूयास?"

मी सांगितलं. गाण्याचा कार्यक्रम हाय, स्टेजवर ठेवायची हाय. दोस्तांनी सांगितलंय.

आप्पा माझ्यासमोर खाली बसले आणि हळू आवाजात बोलायला लागले. आज्यानं हे काम टाकलं तेव्हा गावानं आमचं दळण बंद केलं, दुकान बंद केलं, रानातली मजुरी बंद केली. आप्पा तेव्हा सहा वर्षांचे होते. त्यांची धाकटी बहीण त्याच उन्हाळ्यात उपाशी गेली. मला हे माहीत होतं, लहानपणापासनं ऐकत आलेलो. पण हातात कवटी धरून पहिल्यांदा ऐकलं.

शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"त्येंच्या हातास्नी काय झालंय?"

मी कवटी घासत राहिलो. मान वर करायची लाज वाटली. आणि तरीही दुसऱ्या दिवशी मी ती पोत्यात घालून सांगलीला नेली. आज स्वतःची शिसारी येते. पण खोटं कशाला सांगू? मला मंदारच्या तोंडचं 'खरा' पाहिजे होतं, बापाचा चेहरा बघितल्यावरसुद्धा पाहिजे होतं.

गॅदरिंगच्या दिवशी सकाळी हॉलमध्ये माईक तपासणं चाललं होतं. खुर्च्या लावणारी पोरं-पोरी होती, दोन सर होते. मी पोतं उघडलं. मंदार एकदम खूश. हात पाठीमागं बांधून, वाकून, त्यानं कवटी चारी बाजूंनी बघितली. "तूच ठेव वर," म्हणाला. मी ठेवली. मग त्यानं माईक घेतला आणि कार्यक्रमात माझी ओळख कशी करून देणार ते सगळ्या हॉलला ऐकवलं.

"आमचा गायक बनावट नाही. याच्या घरच्यांनी पिढ्यानपिढ्या मेलेली जनावरं ओढली आहेत. याच्यापेक्षा खरा डेथ मेटलवाला तुम्हाला कुठं मिळणार?"

माझ्या वर्गातल्या पोरी तिथं होत्या. एकीनं दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. मंदार माझ्याकडं बघून हसत होता, बक्षीस दिल्यासारखा. आपण याचा मान करतोय असंच त्याला वाटत होतं. माझ्या डोक्यात सणक गेली. जे टाकायला माझ्या आज्यानं पोटची पोर गमावली ते ह्यानं माझ्या गळ्यात घातलं. आणि त्याला ते आणून दिलं होतं मीच.

मी म्हणालो, "त्या कवटीला हात लाव."

तो म्हणाला, वेडा आहेस का, इन्फेक्शन होईल.

मी म्हणालो, हात लाव, मग गातो. बाकीच्या तिघांनाही तेच सांगितलं. ड्रमवाला हातातल्या काठ्या बघत बसला. गिटारवाले दोघं वायरी गुंडाळायला लागले. एकाचाही हात पुढं आला नाही.

"मढ्याची गाणी तुमी म्हणायची, आन मढं उचलायला माणूस आमच्यातला पायजे. मग पोजर कोण रं?"

एवढं बोलून स्टेजवरनं उतरलो.

तुम्हाला वाटेल, कार्यक्रम फसला असेल. कसला फसतोय. चांगला दणक्यात झाला. मंदारच गायला. त्याला शब्द येत नव्हते, नुसता गुरगुरला, आणि कुणाला फरक कळला नाही. मी सायकल स्टँडवर बसून टाळ्या ऐकल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी झाडूवाल्याला सांगून कवटी कचऱ्यात टाकली. झाडूवाला कोणाचा होता ते सांगायला नको.

त्या खोलीचं दार बंद झालं, कॅसेटी मिळायच्या बंद झाल्या. होस्टेलातली आमची पोरं म्हणाली, बरं झालं, मरायला गेलतास कशाला त्यांच्यात? त्यांचंही बरोबर होतं. मी त्यांच्यात जाऊन बसायला लागलो, पण मला जी गुरगुर पाहिजे होती ती तिथं नव्हती. घरी चार महिने गेलो नाही. गेलो तेव्हा आप्पांनी विचारलं, कसा झाला कार्यक्रम. मी गायलो नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि आईला ताटं घ्यायला सांगितलं. माफी मागायची राहूनच गेली. आता आप्पा नाहीत.

पुढं नोकरी लागली. तिथंही एप्रिलमध्ये जयंती आली की साहेब म्हणतात, तुमचे भोग सांगा चार शब्दांत, तुमच्या तोंडून खरं वाटतं. टेबलावर गुच्छ असतो, चहा असतो. सोसलेलं माझं, आणि खरं-खोटं ठरवणार ते. मी नाही म्हणतो. एकदा बढती अडली, तरी नाहीच म्हणालो. माझा आजा, माझा बाप, उपाशी गेलेली माझी आत्या, यांना कुणाच्या स्टेजवर मी आता आणून ठेवणार नाही. गायला स्टेज त्यांचंच होतं, त्यापायी माझं गाणंही कायमचं बंद पडलं. पडू दे.