ठिपक्यांनी काढलेली लाज

चार मित्र जमले की प्रत्येक जण आपल्या ऑफिसच्या बढाया मारतो. माझ्याकडे बढाई एकही नाही. फजितीचे किस्से मात्र ढिगाने, आणि बोर्डागणिक त्यात भर पडते!

तमिळ मुलखात, अंबत्तूरला आमचं छोटं युनिट आहे. दुकानांवर, हॉलमध्ये लाल अक्षरं पळवणारे एलईडी बोर्ड असतात ना, ते आम्ही बनवतो. आतल्या जुन्या, स्वस्त सर्किटला फॉन्ट कळत नाही. म्हणून फॉन्टमधल्या एकेका अक्षराचं ठिपक्याठिपक्यांचं चित्र करायचं, जुन्या बिटमॅप फाइलमध्ये, आणि ते बोर्डात भरायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? आम्हालाही वाटलं होतं!

•

पहिला बोर्ड एका लग्नाच्या हॉलचा. ही फाइल चित्र खालून वर साठवते, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पाहुण्यांसमोर बटण दाबलं, आणि नवरा-नवरीची नावं डोक्यावर उभी!

आमचे मालक सेल्वम सर म्हणाले, "नो प्रॉब्लेम. बोर्डच उलटा टांगा!"

टांगला. अक्षरं पायांवर आली खरी, पण आरशात दिसतात तशी!

नवरीच्या वडिलांनी शांतपणे विचारलं, "आता पाहुण्यांना आरसे वाटू का?"

केळीची पानं मांडलेली होती. आम्ही न जेवता मागच्या दाराने सटकलो.

•

एका टेलरने दुकानावरचा नवा बोर्ड जवळून न्याहाळला. "सर, अक्षरांच्या कडा जिन्यासारख्या का दिसतात?"

"स्टाइल आहे ती," सर म्हणाले.

"मी तुमचा शर्ट असा कापला तर घालाल?"

सर तेवढ्यात फोनवर बोलायला लागले. फोन आलाच नव्हता!

•

आमचे रघुनाथराव तंजावरचे मराठी. पिढ्यानपिढ्या इकडेच, घरात जुन्या वळणाची गोड मराठी. माझ्याकडे वायरिंगचं काम, म्हणून दुसरा मराठी माणूस पाहून सरांनी त्यांनाच देवनागरी तपासायला बसवलं. ते प्रत्येक बोर्डाला "सेरी, सेरी" म्हणायचे. म्हणजे ठीक आहे!

पण सर्किट पहिली वेलांटी टाइप केलेल्या क्रमाने, म्हणजे अक्षराच्या मागून काढायचं. मग ती जाऊन पुढच्याच अक्षराला चिकटायची.

इथल्या एका मराठी मंडळात अध्यक्षांच्या पत्नीचा सत्कार होता. नाव सविता. स्टेजवर 'वि'ची वेलांटी पळाली आणि 'त'वर जाऊन बसली. सत्कार झाला सवतीचा!

सविताताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे.

परत येताना मी भडकून म्हणालो, "राव, तुम्ही तपासलं होतंत ना?"

रघुनाथरावांनी तोंड खिडकीकडे वळवलं. "मराठी बोलता येते रे. वाचता येत नाही. आमच्या घरी तमिळ अक्षरांतच लिहितात."

"मग सांगायचं नाही का?"

"तू सांगलीचा. तुझ्यापुढं 'येत नाही' असं कसं म्हणू?"

सगळ्या प्रवासात मान वर करायची माझी हिंमत झाली नाही.

•

अण्णा नगरातल्या एका हॉस्पिटलात बाहेरगावचे पेशंट फार येतात. म्हणून आयसीयूबाहेर आमच्या बोर्डावर निरनिराळ्या भाषांत धीराची एक ओळ फिरायची. मराठीत होतं, 'चिंता करू नका'.

बोर्डाची उंची कमी. अक्षराचं चित्र करताना वरचे ठिपके कापले गेले. वेलांटी कशीबशी वाचली, अनुस्वार गेला. मी तिथं पोचलो तेव्हा ओळ फिरत होती: 'चिता करू नका'.

हॉस्पिटलात कुणाला मराठी येत नव्हती, त्यामुळे तक्रारही नव्हती. बोर्डाखाली मात्र लातूरकडच्या एक बाई बसल्या होत्या. नवरा आत होता. त्या टक लावून तीच ओळ वाचत होत्या.

मी हात जोडून म्हणालो, "मावशी, मोठी चूक झाली आमची. आत्ता बंद करतो."

वायरला हात घातला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या भाऊ. सकाळपासून देवाला मी तेच सांगायलेय."