बंद दुकानाचं शटर

समोरचे काका अजूनही उंबऱ्याला हात लावून, तो कपाळाला टेकवूनच शटर उचलतात. आत दुकान कुठलं? अर्धांगवायूनं पडलेल्या काकू असतात. त्यांना जिना चढवत नाही, म्हणून काकांनी किराणा बंद केला आणि तिथं राहायच्या परवानगीसाठी महापालिकेत अर्ज दिला.

पाहणीला साहेब येणार म्हटल्यावर काका घाबरले. परवानगीआधीच राहतो म्हणून दंड झाला तर? त्यांनी खाट लपवली, रिकाम्या बरण्या मांडल्या, काकूंना काउंटरमागं बसवलं.

साहेब म्हणाले, "दुकान चालू आहे की! मग घर कशाला?" अर्ज नामंजूर झाला.

काका अजून रोज काकूंना काउंटरमागंच बसवतात.

"कशाला त्रास देता त्यांना?" काल मी चिडून विचारलं.

"आन् सायेब परत आले म्हंजे?" म्हणत त्यांनी काकूंची कललेली मान सरळ केली.