तिसरा ठोका

तुम्ही सगळे इथं आपापले अनुभव लिहिता, मी रोज वाचते, आणि खरं सांगू का... निम्म्यांवर माझा विश्वास बसत नाही. रागावू नका. उंब्रजला आमची पिठाची गिरणी आहे. तीस वर्षं मी तिथं बसलेय. दळण घेऊन आलेल्या बायका लाइट येईस्तोवर सांगत बसायच्या — कुणाला विहिरीवर काय दिसलं, कुणाच्या मागं काय लागलं. मी म्हणायची, "बायांनो, पिशवीचं तोंड नीट बांधा आदी, भूत कुटं पळून जात न्हाई." अशी मी. म्हणून तर हे लिहायला सात-आठ महिने लागले.

आधी गिरणीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चक्की चालू असली की शेजारचं माणूस काय बोलतंय ते ऐकू येत नाही. आमचे हे चक्कीपाशी उभे, मी दाराशी वजनकाट्याजवळ, आणि माझ्या डोक्यावर मेन स्विच. मग बोलायचं कसं? तर ह्यांच्या हातात कायम पान्हा असायचा. धान्य ओतायच्या पत्र्याच्या पेटीवर पान्ह्याचे दोन ठोके मारले की 'पुढचं दळण आण'. आणि वर तिसरा मारला तर — विचारायचं नाही, बघायचं नाही, मेन स्विच खाली! तो तिसरा ते नेहमी जरा उशिरा मारायचे. ठक-ठक... श्वासभर थांबून, ठक. का, ते त्यांनाच ठाऊक.

आमची एकुलती एक मनी सहा वर्षांची असताना तिच्या फ्रॉकची नाडी चक्कीच्या पट्ट्यात गेली. हे चक्कीच्या पलीकडल्या अंगाला, हात पोचत नव्हता. मला तर ती दिसतच नव्हती. तिसरा ठोका आला आणि मी मान न वळवता स्विच पाडला. पोरीच्या पोटापासून चाक वीतभर लांब राहिलं होतं. तेव्हापासून तो ठोका ऐकला की माझा हात मला विचारत नाही.

तर ही मनी मोठी होऊन डीजे झाली. थांबा — वरातीतला नव्हे. टेक्नो म्हणतात त्याला. गाणं नाही, शब्द नाहीत, नुसती धडधड. सांगलीला इंजिनिअरिंगला पाठवली तर हॉस्टेलवर बसून कॉम्प्युटरवर आवाज जुळवायला लागली. कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवलं तेव्हा पोरं ओरडली म्हणे, "ए, गाणं कवा चालू करणार?" घरी येऊन रडली. पण सोडलं नाही. पुण्यात नोकरी करत करत रात्रीचं वाजवलं, मग गोवा, मग बेंगळुरू, मग नोकरीच सोडली. भावकीतले खोचकपणे विचारायचे, "पोरगी काय करती सध्या?" हे शांतपणे म्हणायचे, "चक्कीच चालवती. पीठ तेवढं पडत न्हाई."

ह्यांना मात्र ते कळायचं हां. कानाला तिचा हेडफोन लावून म्हणायचे, "आगं, ह्यात आपल्या पट्ट्याचा सांधा वाजतोय बघ."

दोन वर्षांपूर्वी हे गेले. हार्ट. मला एकटीला चक्की झेपेना, विकायचं ठरलं. तेव्हा मनी माइक घेऊन आली — "आई, विकायच्या आधी एकदा चालव, मला आवाज घेऊ दे." मी गहू ओतले आणि सवयीनं ह्यांच्याच पान्ह्यानं दोन ठोके मारले. दोनच. नीट लक्षात ठेवा. ते दोन ठोके तिनं तसेच उचलले आणि त्यावर अख्खा तुकडा रचला. धडधड चालू, आणि ठरल्या वेळी मधेच... ठक-ठक.

आणि तिथून तिचं नशीब हललं म्हणा ना. जर्मनीतल्या एका माणसाला तो तुकडा आवडला. तिकडं दोन महिने फिरून वाजवायचं बोलणं सुरू झालं, पण आधी तो समोर बसून ऐकणार होता — पाचगणीजवळच्या एका मैदानावर, दुपारी चारचा कार्यक्रम. मनी मला म्हणाली, "आई, तू ये. पण उगाच मधे मधे येऊ नकोस हं. दहा वर्षं ह्या एका दिवसासाठी घासलीत."

माझे कान दुखू नयेत म्हणून तिनं माझी खुर्ची स्टेजच्या मागं ठेवली होती, जनरेटरच्या वायरी जिथं येतात त्या पेटीजवळ. पेटीवरचा माणूस "मावशी, बसा हां, आलोच" म्हणून चहाला गेला. लख्ख ऊन. वारा मात्र असा की पदर धरून बसावं लागत होतं. मला मनीची पाठ दिसत होती. तिच्या डोक्यावर लाइटांचा लोखंडी सांगाडा.

शेवटी तिनं चक्कीचा तुकडा लावला. समोर दोनेकशे पोरं नाचत होती. ठक-ठक. मला बाई भरूनच आलं. पुन्हा ठक-ठक. मी मोजत होते. पुन्हा ठक-ठक...

आणि श्वासभर थांबून — ठक.

मी विचार केला नाही. देवाशप्पथ सांगते, केलाच नाही. उठले आणि पेटीवरचा मोठा खटका दोन्ही हातांनी खाली ओढला.

सगळं बंद. दोनशे माणसं एकदम गप्प. नुसता वारा. आणि मग माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते.

मनी वळली. मला बघितलं, खटक्यावरचा माझा हात बघितला. हेडफोन टेबलावर आपटून पायऱ्या उतरून तरातरा माझ्याकडं आली. चहाचा पेला टाकून तो पेटीवाला पण धावला, "आवं मावशी, ह्ये काय केलं तुमी?"

"काय केलंस तू?" मनी ओरडली. "आई, आज? आजच?"

आणि त्या शांततेत वरनं आवाज आला. कुर्र... कुर्रर्र... लोखंड लोखंडावर सरकतं तसा. धडधड चालू असती तर कुणाच्या बापाला ऐकू आला नसता. पेटीवाल्यानं वर बघितलं आणि ओरडला, "मागं व्हा! ए, मागं व्हा रं समदी!"

सांगाडा सरळ टेबलावर आला. मघाशी मनी उभी होती तिथं, बरोबर तिथंच. टेबलाचे दोन तुकडे. हेडफोन नंतर सापडलाच नाही.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तो जर्मन बराच वेळ माझा हात हातात धरून उभा होता. काय बोलला मला कळलं नाही.

म्हणाल, म्हातारीला भास झाला, नवऱ्याची आठवण आली. मी पण तेच म्हटलं. मनीनं सगळी रेकॉर्डिंग तपासली — दोनच ठोके. लोकांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ बघितले — दोनच, आणि मग एकदम शांतता. मी म्हटलं, चला, माझे कानच वाजले. जीव वाचला ना पोरीचा, बास.

पंधरा दिवसांनी ती उंब्रजला आली. गिरणीत माझ्याशेजारी पोत्यावर बसली. बराच वेळ पान्हा हातात फिरवत होती. मग म्हणाली, "आई, मी तुझ्यावर खटक्यासाठी नव्हते गं चिडले. लाइट जायच्या आधीच चिडले होते. मला वाटलं, तू मागं लोखंडावर ठोकतेयस."

मी तिच्याकडं वळले. "तुला ऐकू आला?"

"आला. आणि बीटवर नव्हता. कॉम्प्युटर कधी उशिरा मारत नाही, आई. तो उशिरा मारला होता..." आणि तिनं पान्हा माझ्या हातात ठेवला.

ती आता जर्मनीत आहे, चांगलं चाललंय. तो तुकडा मात्र परत वाजवत नाही. मी गिरणी विकली नाही, हाताखाली एक पोरगा ठेवलाय. ह्याचा अर्थ काय, मला अजून लागलेला नाही, तुमच्यापैकी कुणाला लागला तर सांगा. रोज सकाळी चक्की सुरू केली की मी पेटीवर दोन ठोके मारते... आणि पान्हा खाली ठेवून, दाराशी येऊन, एक हात स्विचवर ठेवून, श्वासभर थांबते. मग पहिलं दळण घेते.