शालनची कळ

बारामतीला औषधाच्या दुकानात शालनच्या गोळ्या घेत होतो, तेव्हा गावाकडून, वरकुट्याहून, पुतण्याचा फोन आला. "तात्या, काकी पडली. बिगीबिगी या." पोचलो तर शालन, माझी बायको, गेलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. दहाव्याला तरीही बायका कुजबुजल्याच, "तवाच पिशवी काढली असती तर वाचली असती बाई." अहो, हृदयाचा आन् गर्भपिशवीचा काय संबंध! असा संताप झाला... अजून होतो.

तिचं पोटाचं दुखणं जुनं. आधी सगळे म्हणाले, बेंबी सरकली. आईनं तिच्या बेंबीवर पेटता दिवा ठेवून वर तांब्या पालथा घातला. पोटावर वळ उठला, कळ होती तिथंच. मग आमच्याकडचा हमखास इलाज, पिशवी काढून टाका. भावकीतल्या कितीतरी जणींनी काढलेली. मीसुद्धा मान डोलावली. पण तपासणीत पिशवी चांगली निघालेली, म्हणून शालननं डॉक्टरांना सरळ विचारलं, "काढल्यावर दुखायचं थांबंल का?" ते घुटमळले. ही उठलीच. "मग ऱ्हाऊ द्या. चांगलं हाय ते कापायचं कशाला?"

पुढं बारामतीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. काय खाल्ल्यावर दुखतं, कुणाशी वाजल्यावर दुखतं, सगळं. पुन्हा तपासण्या करून म्हणाल्या, आतडी हळवी आहेत. हे कापून जायचं नाही, सांभाळून राहावं लागेल. मग घराचं वळणच बदललं. दिवस मावळताना जेवण, दूध बंद, जेवल्यावर कालव्याच्या कडेनं फेरी, आल्यावर शेकायची रबरी बॅग, फारच झालं तर गोळी. मी पारावर रमलो की निरोप यायचा; एकटीला घास जात नसे तिला. फेरीत मी कळीचं विचारायचो, "हाय का?"

"हाय. पण ऐकतीय."

कळ पुरती कधीच गेली नाही. पण तिला घेऊनच शालन खुरपायला जायची, हसायची, मला टोमणे मारायची.

आता घरात मी एकटा. मावळतीला ताट वाढून घेतो, भाकरी उतरत नाही. फेरीला जातो, कुणी दिसलं की वाट बदलतो. परवा जेवल्यावर माझ्याच पोटात पीळ पडला. खुंटीवरची बॅग काढली, गरम पाणी भरलं, तिनं शिकवलेलं तसं आधी हवा दाबून काढली, मग बूच लावलं. फडक्यात गुंडाळून पोटावर घेतली आणि सवयीनं तोंडातून गेलं, "हाय का?"

घरात कोण होतं उत्तर द्यायला... मीच म्हणालो, "हाय, शालन. पण ऐकत न्हाय."