काकूंची विहीर आणि माझा खड्डा

रंगाच्या एका कारखान्याचा गाळ पुरायला आमच्या ठेकेदाराला मोठा खड्डा बांधायचा होता. त्याला आतून मातीचं असं अस्तर द्यायचं, की विषारी पाणी जमिनीत झिरपू नये. आधी आठ फुटी छोट्या खड्ड्यात अस्तराची परीक्षा, आणि ती पडली माझ्या गळ्यात. पहिलीच नोकरी. उताराखाली शंभर पावलांवर एका काकूंची विहीर होती. त्यांनी पहिल्याच दिवशी मला गाठलं. "माह्या विहिरीचं पाणी बिघडलं तं तू पिशीन काय?" मी ऐटीत हो म्हणालो.

पहिलं अस्तर काळ्या मातीचं. चांगलं ठोकून बसवलं आणि मी आणि मजूर, सगळे धाड गावच्या बाजाराला पळालो. परत येऊन पाहतो तर उन्हानं बोटं जातील एवढ्या भेगा. काकू काठावर पदर तोंडाला लावून हसत होत्या. काळी माती उघडी टाकू नये हे त्यांच्या नातीलाही ठाऊक होतं, माझ्या पदवीला नव्हतं.

मग मातीत बेंटोनाइट कालवलं. पाणी लागलं की फुगणारी ही राखाडी चिकणमाती. अनवाणी तुडवता तुडवता सगळ्यांना चेव चढला, मोबाइलवर वरातीचं गाणं लागलं, आणि मी नाचता नाचता सपशेल आडवा झालो. काकूंनी वर ओली पोती अंथरायला लावली. दोन दिवसांनी पोती काढून पाणी भरलं, काठीवर खूण केली आणि शेजारी पाण्याचं घमेलं ठेवलं. उन्हानं दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरणार. खड्ड्यातलं जास्त उतरलं तर गळती.

दुसऱ्या सकाळी घमेलं जवळपास तसंच, खड्डा मात्र दोन बोटं खाली. म्हणजे माझं अस्तर गळत होतं. तरी काकूंना खोटं सांगवेना, म्हणून गोठ्यात जाऊन कबुलीला सुरुवात केली. समोर त्यांच्या दोन म्हशी गळ्यापर्यंत राखाडी होऊन रवंथ करत उभ्या. काकूंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आम्ही दोघं तिथंच पोट धरून खाली बसलो.

खुरांनी उकरलेलं अस्तर लिंपून पुन्हा पाणी भरलं. काकू तीन दिवस काठी घेऊन राखणीला बसल्या. शेवटी खड्डा आणि घमेलं बरोबरीत उतरलं, तेव्हा मी आनंदानं त्यांच्या पायाच पडलो.

मोठ्या खड्ड्यालाही आता काही वर्षं झाली. दर उन्हाळ्यात मी विहिरीचं पाणी तपासायला न्यायला जातो. मागचा अहवाल चांगला आला असला तरी काकू तांब्या भरून पुढं करतात.

"आधी तू पी. घरचे मंग पितीन."

 मी तांब्या रिकामा करूनच खाली ठेवतो.