कटकट मॅडम आणि झोपाळू चिप

चिप तपासणाऱ्या खात्यात तिला सगळे पाठीमागे ‘कटकट मॅडम’ म्हणत, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. एका संगणकाला अनेक उपकरणं जोडणाऱ्या यूएसबी हबमधली नवी चिप वीज वाचवायची. जोडलेलं उपकरण गप्प बसलं की त्याची वीज कमी करून स्वतःही झोपायची. उपकरणाचं बटण पुन्हा दाबलं की जागी व्हायची, पण ते पहिलं दाबणं गिळून टाकायची.

घरी तिचा दादा अंथरुणाला खिळलेला. वाचा गेलेली. हनुवटीने एकच बटण दाबून तो पडद्यावर एकेक अक्षर लिहायचा आणि मध्ये दम खायचा. नमुन्याचा हब लावून पाहिला, तर तो दम खात होता तेवढ्यात चिपने डुलकी काढली आणि त्याचं पुढचं दाबणं वाया गेलं.

“तिला जरा उशिरा झोपवा,” ती साहेबांना म्हणाली.

“मग वीज काय वाचणार, कपाळ? लोक दोनदा दाबतील. बोटं झिजतात का?”

“माझ्या दादाला एकदा दाबतानाच घाम फुटतो.”

“मॅडम, जगात तुमचा दादा एकटाच नाही.”

“तेच तर सांगतेय!”

चिप तशीच बाजारात गेली. साहेबांचा सत्कार झाला. नोकरी होती म्हणून तिनेही टाळ्या वाजवल्या. पुढे दादाच्या नव्या उपकरणाबरोबरही त्याच चिपचा हब आला.

तिने दादापुढे साहेबांचा यथेच्छ उद्धार केला. वाटलं, हा तरी एखादी सणसणीत शिवी हाणेल. त्याने हनुवटी टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. बऱ्याच वेळाने पडद्यावर उमटलं, ‘दोनदा दाबीन.’

साहेबांचा आला नव्हता इतका राग तिला दादाचा आला.