गुरांच्या खिंडीत हॉर्न

सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर फिजिओथेरपिस्टची नोकरी मिळत होती. पेशंट त्यांच्या घरी जाऊन बघायचे; घरं डोंगरापलीकडे, रस्ते एका गाडीपुरते. मी ब्रिस्टलमध्ये एकटी राहते, तिथेही एकटीच राहिले असते. पुण्याहून आलेल्या आईचं मत स्पष्ट होतं. "इथे निदान खाली दुकान आहे." मी म्हटलं, आधी रस्ता बघू. शुक्रवारी आम्ही इन्व्हरनेसच्या विमानात बसलो.

शनिवारी सकाळी भाड्याची गाडी घेतली. मार्चमध्ये जाणार असाल तर विंटर टायर आधीच मागून ठेवा आणि टाकी इन्व्हरनेसमध्येच भरा. लॉखकॅरन गावापर्यंत रस्ता सोपा आहे. त्याच्या पुढे ब्यालख ना बा, म्हणजे गुरांची खिंड. उंची जेमतेम सव्वासहाशे मीटर.

"म्हणजे सिंहगडाच्या निम्मी," आई म्हणाली.

पण चढ समुद्राच्या काठापासून सुरू होतो. हिवाळ्यात रस्ता बरेचदा बंद असतो, सकाळी चौकशी करूनच निघा. आदल्या दिवशी बर्फ काढून तो उघडला होता. पायथ्याशी मोठी पाटी आहे: शिकाऊ चालकांनी इथून जाऊ नये.

"तू शिकाऊ नाहीस. मी शिकवलंय तुला."

हे खरं आहे. आईने मला ताम्हिणी घाटात गाडी शिकवली, आणि तिच्या घाटाचा पहिला नियम हॉर्न.

दोन्ही बाजूंना लोटलेल्या बर्फाचे ढीग होते. थोड्या थोड्या अंतरावर गाडी बाजूला घ्यायची जागा असते, पासिंग प्लेस. तिथे पार्किंग करायचं नाही. समोरून गाडी आली की ज्याला ती जागा जवळ त्याने तिथे थांबायचं, आणि दुसऱ्याने जाताना हात वर करायचा. शेवटची चढण वळणावळणांची आहे.

"हॉर्न दे."

"आई, इथे कोणी हॉर्न देत नाही."

"पलीकडचं दिसतंय का तुला काही?"

"नाही."

"मग?"

तिने हात लांब करून स्वतःच हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला.

मी गाडी थांबवली. वरून एक पिकअप आली, वळणावर उभी राहिली. लोकरीची टोपी घातलेली बाई फावडं घेऊन उतरली. अडकलात का, तिने इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, नाही, वळण आलं म्हणून आईने हॉर्न दिला. ती आईकडे बघत राहिली, मग हसली. "आम्ही इथे हॉर्न ऐकला की फावडं काढतो."

पासिंग प्लेस माझ्या मागे होती. म्हणजे मागे मलाच जायचं होतं, गोठलेल्या उतारावरून. बाई खाली जाऊन उभी राहिली आणि हाताने खुणा करू लागली.

"मी उतरू का?"

"बस गं. हलू नकोस."

मागची चाकं दरीकडे सरकली. मी ब्रेक सोडला, स्टिअरिंग सरळ केलं, पुन्हा हळू घेतलं. गाडी जागेत बसली. पिकअप शेजारून गेली तेव्हा मी हात वर केला. आईने नमस्कार केला.

माथ्यावर वाऱ्याने दार उघडेना. समोर शिशाच्या रंगाचा समुद्र आणि त्यात स्काय बेटाचे पांढरे डोंगर.

"एक घर दिसत नाही," आई म्हणाली.

घरं पलीकडच्या उतारावर, ॲपलक्रॉसला आहेत. तिथे माशांचं सूप चांगलं मिळतं. आईने त्यात बरोबर आणलेली लसणाची चटणी घातली. परत आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने आलो. तो लांबचा आहे, पण चढ कमी.

रविवारी संध्याकाळी ब्रिस्टलला पोचलो. फोटो फारसे नाहीत. भीती गेलेली नाही. गाडी मागे घेता येते, एवढं कळलं.

मी लॅपटॉप उघडला. आई कपड्यांच्या घड्या करत होती.

"तिथे खाली दुकान नाही," ती म्हणाली.

"नाही."

"पण हॉर्न वाजवला की कोणीतरी येतं."

"येतं."

तिने घडी पुरी केली. "मग कळव त्यांना."